आत्याबाईंच्या तक्रारी

आमच्या घरी कुणी आलं की आत्याबाई आधी पाण्याचा तांब्या पुढे ठेवत आणि मग माझ्याबद्दल तक्रार करीत. आलेला माणूस कोण आहे याचा काही विधिनिषेध नव्हता. तलाठी असो, बांगड्या भरणारी असो, खोपोलीहून वाट वाकडी करून आलेला कुणाचा तरी भाचा असो. त्याने तांब्याला तोंड लावेपर्यंत यांची सुरुवात झालेली असे. “काय सांगायचं तुमाला, सून म्हंजे निस्ता दगड हाय. हलवली तर हलते, नाय तर हाय तिथं हाय.” मी तिथेच खांबाला टेकून बसलेली असे. मी ऐकतेय याची त्यांना पर्वा नसे, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मलाही फारशी नसे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, ठमाबाई. गोष्ट महायुद्धाच्या दिवसांतली. कर्जतला भिसेगावात आमचं कौलारू घर, गावाबाहेर थोडी भातशेती, आणि माझे यजमान रेल्वेत पॉइंट्समन. सासरे मी येण्याआधीच गेलेले. घरातला सगळा कारभार आत्याबाईंच्या हाती, आणि त्या हातांना स्वस्थता म्हणून ठाऊक नव्हती. वालाच्या शेंगा सोलायला बसल्या तर मूठभर सोलून उठत, वासराला पाणी दाखवून येत, परत बसल्या न बसल्या तोच अंगणातलं वाळवण उलटायला धावत. जेवतानासुद्धा त्यांचा एक गुडघा उभाच. “बसल्या बाईच्या पायात रगत साखळतं,” असं त्यांचं म्हणणं होतं. त्या गल्लीतून जाताना दिसल्या की ओट्यावर गप्पा मारत बसलेल्या बायका उगाचच हातात सूप घेत.

त्या स्वस्थ बसत ती एकाच जागी, एकादशीच्या संध्याकाळी देवळातल्या भजनात. आमचं घर माळकरी. लग्न होऊन आल्यावर माझ्याही गळ्यात तुळशीची माळ घातली गेली आणि माहेरी लोधिवलीला खाल्लेली सुकी मासळी तिथेच विसरावी लागली. भजनात आत्याबाईंकडे टाळ असे. बायकांत टाळ फक्त त्यांच्याकडे होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. डोळे मिटून, मांडी घालून, कितीतरी वेळ ही बाई हलत नाही हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या कुणी वेगळ्याच वाटल्या होत्या.

त्यांनी मला पसंत केलं तेच माझ्या चपळाईवर. बघण्याचा कार्यक्रम चालू असताना आमचं एक खोंड दावं तोडून रस्त्याकडे पळालं. पाहुण्यांसमोर खाली मान घालून बसलेली मी, नवं लुगडं खोचून त्याच्यामागे धावले आणि दावं धरून परत आले. आईने कपाळावर हात मारून घेतला. आत्याबाई मात्र म्हणाल्या, “हीच. पोहे नकोत, सुपारी फोडा.” त्यामुळे पुढे मी अशी मातीचा गोळा होऊन बसले तेव्हा आपल्याला फसवलं असंच त्यांना वाटलं. “आमाला पळती दावली न बसती दिली,” हे वाक्य तर गावात सगळ्यांना पाठ झालं होतं.

दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, त्यानंतर हे सुरू झालं. बाळंतिणीला थंडी वाजतेच, म्हणून माझ्या खाटेखाली शेगडी ठेवली, कान बांधले, ओवा-शेपेची धुरी दिली, डिंकाचे लाडू चारले. पण बाळंतपणाचे दिवस संपले तरी माझी थंडी जाईना. मग आत्याबाईंनी शेगडी आणखी महिनाभर ठेवली. मग आणखी. बाहेर उन्हाने दगड तापलेले असत आणि मी अंधाऱ्या खोलीत घोंगडी पांघरून निखाऱ्यांकडे पाय करून बसलेली. माझा चेहरा भरत चालला, हात जाड झाले, बांगड्या रुतल्या. बायका येऊन कौतुक करीत, “बाळंतपण मानवलं हो ठमाकाकू! सून कशी बाळसं धरलेली दिसते.” आत्याबाईंनाही सुरुवातीला ते खरंच वाटलं. लाडवांचं श्रेय त्यांचं होतं. त्यांनी आणखी लाडू केले.

त्या दिवसांतलं मला जे आठवतं ते सांगणं अवघड आहे. लोकांना वाटे, ही आरामात आहे. आतून मात्र जीव तळमळायचा. मूल रडतंय हे कळायचं, उठायला हवं हे कळायचं, आणि ते कळणं हातापायांपर्यंत पोचायलाच तयार नसायचं. पोचेपर्यंत आत्याबाई मुलाला उचलून, थोपटून, माझ्या नावाने बोटं मोडून पुढच्या कामाला लागलेल्या असायच्या. भाजीत मीठ दोनदा पडे, नाहीतर पडतच नसे. तांदूळ निवडता निवडता मी सुपावर डोकं टेकून झोपे. केस पुंजक्यांनी हातात येत. घसा बसला तो सुटेचना. एकदा आई लोधिवलीहून आली. मी आतून “आलीस का गं?” म्हणाले, तर ती दारातच थबकली आणि आत्याबाईंना विचारू लागली, “विहीनबाई, घरात कोन पुरुष मानूस हाय?” मी बाहेर आले तशी ती माझ्याकडे बघून रडायला लागली. मला रडूसुद्धा येईना.

फाल्गुनात आत्याबाईंनी मनाशी ठरवलं आणि यजमानांना माझ्यासमोरच सांगितलं. मी दगड, माझ्यासमोर बोलायला कसली चोरी? वैशाख सरायच्या आत मला लोधिवलीला पोचवायचं. पोरं इथेच राहतील. खालापूरकडच्या एका घरात मुलगी आहे, अंगाने सडपातळ, कामाला वाघ. पेरणीच्या आधी दुसरं लग्न उरकायचं. “संसार हाय ह्यो, धरमशाळा नाय,” त्या म्हणाल्या. यजमान बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले आणि “बघू” म्हणून ड्यूटीवर गेले. पोरं इथेच राहतील एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. त्याचा अर्थ लागायला मला संध्याकाळ झाली.

चैत्रात यजमानांना हिवताप भरला. बाजारपेठेतले प्रधान डॉक्टर सायकलवरून आले, नाडी पाहिली, क्विनाइन दिलं आणि निघाले. आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणजे आता काय होणार हे ठरलेलंच.

“बगा ना डाक्टर, तुमी शिकलेलं मानूस, तुमीच सांगा. चैताच्या उन्हात घोंगडी घिऊन बसते ही. घोंगडी!”

पाणी पिता पिता डॉक्टर थांबले. “थंडी वाजते?”

“थंडी कसली, सोंगं हायत. वरीस झालं बाळंत व्हऊन. खाते चिमनीवानी न फुगते म्हशीवानी. जेवनात रोज केस. आवाज आयकाल तर वाटंल हमाल बोलतोय. एक काम सांगा, पानी आनायला गेली तर विहिरीवर हुबी ऱ्हाते, कशाला आली तेच इसरते. आनि घाम? आमी सगळी निथळतोय, हिच्या अंगाला हात लावा, कोरडं ठक्क, झाडाच्या सालीवानी.”

डॉक्टरांनी तांब्या खाली ठेवला. “अजून?”

आत्याबाई गांगरल्या. आजवर त्यांच्या तक्रारीला “असायचंच” किंवा “कलियुग आहे” यापलीकडे उत्तर मिळालेलं नव्हतं. अजून मागणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. त्यांनी पदर खोचला आणि जे काही उरलंसुरलं होतं ते सगळं सांगितलं. माझं घोरणं, पोट साफ न होणं, महिन्याची अडचण लांबत जाणं, बोलताना जीभ जड होणं. पुरुषमाणसासमोर सांगू नये तेही सांगितलं. डॉक्टर मधूनमधून नुसते “हं, पुढे” म्हणत होते. शेवटी ते म्हणाले, “ठमाबाई, मुंबईच्या कॉलेजात आम्हाला हा आजार शिकवला, तोही इतका बैजवार शिकवला नव्हता.”

“आजार?” आत्याबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मग डॉक्टरांनी मला उजेडात बसवलं. माझ्या भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्या होत्या, त्या बोटाने दाखवल्या. नडगीवर अंगठा दाबून धरला. खड्डा पडला नाही. “मूत्रपिंडाची सूज असती तर इथे खळगा पडला असता. ही वेगळी सूज आहे. बाळसं तर नव्हेच नव्हे.” मला पाटावर गुडघे टेकून बसायला लावलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर टिचकी मारली. पाऊल हललं आणि मग सावकाश, अगदी सावकाश जागेवर आलं. “पाय बी आळशी,” आत्याबाई पुटपुटल्या.

“आळशी कुणी नाही,” डॉक्टर म्हणाले. “प्रत्येकाच्या गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते. गाठ म्हणा. थायरॉइड. ती घरातल्या चुलीसारखी. तिच्यातून रस निघतो, त्यावर अंगातली ऊब चालते, बुद्धी चालते, काळीज चालतं. हिची चूल विझत आलीय.”

“हिला आमी म्हायेरी धाडनार हाय, वैशाखात.”

“धाडा. माहेरी गेली म्हणून ती पेटणार नाही. आणखी एखाद-दोन हिवाळे अशीच गारठत जाईल आणि एक दिवस झोपेल ती उठणार नाही.”

आत्याबाई उठल्या, आत गेल्या, बाहेर आल्या, दोरीवरचं धुणं काढलं, परत वाळत घातलं. मग डॉक्टरांसमोर येऊन म्हणाल्या, “मंग वरीसभर मी शिव्या देत व्हते त्या कुनाला?”

“त्या गाठीला,” डॉक्टर म्हणाले. “तिने काही वाईट वाटून घेतलेलं नाही.”

लघवी तापवून तपासून, रक्त पाहून, पंडुरोगही नाही याची खात्री करून मगच डॉक्टरांनी मुंबईहून गोळ्या मागवल्या. गाठीतला रस जो अंगात तयार होत नाही तो बाहेरून भरायचा, एवढं साधं तत्त्व. पण सुरुवात चतकोर गोळीने. आत्याबाईंना ते मुळीच पटलं नाही. “चतकोर का म्हनून? आख्खी द्या, लवकर उठंल.” डॉक्टर ताडकन म्हणाले, “तिचं काळीज वर्षभर मंद चाललंय. त्याला एकदम पळवलं तर ते फाटेल. आणि दुसरं सांगून ठेवतो, बरी झाली म्हणून बंद करायची नाही. हा ताप नव्हे, उतरला की औषध संपलं असा. ही जन्मभराची आहे, भातासारखी.” त्या दिवसापासून आत्याबाई रोज सकाळी अडकित्त्याने गोळीचा चतकोर तोडीत आणि मी तुकडा गिळला की “आ कर” म्हणून जिभेखाली पाहत.

खालापूरच्या मुलीचं नाव घरात निघेनासं झालं, पण निरोपही गेला नव्हता. वैशाख तसाच सरत आला. मला वाटे, गोळीला वेळ आहे, वैशाखाला नाही. आत्याबाई दिवसातून कितीदा तरी येऊन माझा पंजा हातात घेत, झिडकारल्यासारखा सोडून देत आणि निघून जात. आणि ज्येष्ठाच्या सुरुवातीला एकदा मी चुलीपुढे भाकऱ्या थापत असताना नाकाच्या शेंड्यावरून काहीतरी ओघळून पिठात पडलं. मी वर छपराकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावला. घाम होता. “आत्याबाई!” मी ओरडले. त्या धावत आल्या, माझ्या कपाळावरून बोट फिरवलं आणि ते बोट चक्क चाखून पाहिलं. “खारट हाय,” त्या म्हणाल्या, आणि माझं डोकं छातीशी धरून रडल्या. मीही रडले. रडता येतंय याचाच मला इतका आनंद झाला की थांबावंसं वाटेना. त्याच दुपारी यजमानांना त्यांनी खालापूरला नकाराचा निरोप घेऊन पिटाळलं.

पुढे महिनाभराने मी त्यांच्याशी भांडले. कारण क्षुल्लक, कोठीतल्या तांदळाचं. त्यांनी एक म्हटलं, मी ताडकन दोन म्हटलं, आवाज माझा स्वतःचा, खणखणीत. आत्याबाई तशाच शेजारी पळाल्या. “आयकलंत का गं? भांडली! आली गं माजी सून, परत आली!” संध्याकाळपर्यंत त्यांच्या तक्रारीचा विषय बदललेला होता. सून उलट बोलते.

मग त्यांना सगळ्या भिसेगावात विझलेल्या चुलीच दिसायला लागल्या. कुणी जाडजूड बाई भेटली की तिच्या भुवया पाहत, नडगी दाबत आणि हाताला धरून डॉक्टरांकडे नेत. एक नुसतीच खाऊन-पिऊन सुखी निघाली, एक गरोदर निघाली. एक तर स्वतःच गोळी मागायला आली, अंग उतरायला म्हणून. डॉक्टरांनी तिला हाकललं. “ज्याचं कमी नाही त्याला भरायचं नाही. काळजाचं वाटोळं होईल.” आत्याबाईंना त्यांनी सुनावलं, “एका खुणेवर उड्या मारू नका. चार-पाच खुणा एकत्र दिसल्या पाहिजेत, आणि माणूस आधी कसा होता नि आता कसा झालाय ते बघायचं. जी जन्मापासून जाड आणि आळशी आहे ती तशीच आहे, तिला सुखाने राहू द्या.” हे मात्र आत्याबाईंना लगेच पटलं. गावातल्या निम्म्या बायकांबद्दल त्यांचं आधीपासून तेच मत होतं.

दिवाळीच्या सुमारास गोळ्या यायच्या थांबल्या. लढाईमुळे विलायती औषधंच मिळेनाशी झाली होती. डॉक्टर मुंबईला जाऊन आले, पुण्याला माणूस धाडला, कुठेच नाही. आत्याबाईंना घरात चैन पडेना. मुंबईकडून गाडी आली की त्या स्टेशनात हजर. यजमानांच्या ओळखीने गार्डांना गाठत, “माज्या सुनेचं पार्सल हाय का, बगा ना नीट.” रिकाम्या हाताने परत येत आणि दारातूनच ओरडत, “वच्छे, आवाज दे!” माझा आवाज किती बसला ते त्या त्यावरून जोखत. पौषाच्या थंडीत तो पार बसला. मी पुन्हा घोंगडीत शिरले. या खेपेला मला काय होतंय ते कळत होतं, त्यामुळे भीती दुप्पट होती. धाकटा आता घरभर धावू लागला होता. तो आपला आपण आत्याबाईंकडे जाऊ लागला, आणि ते पाहून मी घोंगडीत तोंड खुपसून पडून राहत असे.

अशात डॉक्टर आले आणि अंगणात उभे राहूनच बोलले. एक उपाय आहे. गोळ्या निघण्याआधी डॉक्टर लोक तोच करीत. बकऱ्याच्या नाहीतर मेंढीच्या गळ्यातली तीच गाठ काढायची, अर्धवट परतायची आणि रोग्याला खायला घालायची. बाजारातल्या कासमभाई खाटकाशी ते बोलून आले होते.

“डाक्टर,” आत्याबाई म्हणाल्या, “आमी माळकरी हाय.”

“ठाऊक आहे. म्हणून आता सगळंच सांगतो. त्या गोळ्याही त्याच होत्या. मेंढीची गाठ वाळवून केलेल्या.”

दिवाळीपर्यंत रोज सकाळी, देवाला फूल वाहायच्या आधी आत्याबाई स्वतःच्या हाताने मला ते देत होत्या.

“तवा का नाय सांगितलं?”

“सांगितलं असतं तर दिल्या असत्या का?”

आत्याबाईंनी खराटा घेतला आणि सकाळी झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, तुळशीभोवती, गोठ्याच्या दारापर्यंत. डॉक्टर सायकल धरून उभे. मी घोंगडीतून पाहत होते. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी एक शब्द बोलले नसते. माझ्यात बोलायचं बळच नव्हतं, आणि त्यांच्या देवाच्या आड येण्याचंही नव्हतं. खराटा भिंतीला टेकवून त्या माझ्याजवळ आल्या. माझ्या गळ्यातल्या माळेची गाठ सोडली आणि ती माळ स्वतःच्या गळ्यात, स्वतःच्या माळेवर बांधली.

“ही मी सांभाळते,” त्या म्हणाल्या. “डाक्टर, कासमभाईकडं कवा जायचं?”

त्या स्वतः जात. यजमानांना त्यांनी जाऊ दिलं नाही, “त्याच्या गळ्यात बी माळ हाय, पाप वाटत कशाला बसायचं,” म्हणून. सकाळी खाटकाच्या गल्लीत पदर नाकाला लावून उभ्या राहत. कासमभाई भला माणूस, लांबूनच पानात गुंडाळून देई. म्हणे, “काकू, तुमी नका येऊ, मी पोचवतो,” पण यांना धीर कुठला? अंगणाच्या कोपऱ्यात वेगळी चूल मांडलेली, वेगळं खापर. तोंडाने नाव घेत त्या ते परतत, भाकरीच्या घासात लपवून मला भरवत आणि थंडीत पुन्हा डोक्यावरून पाणी घेऊन मगच घरात पाऊल टाकत. मी ओकारी काढली की दरडावत, “गिळ. मला परत आंगोळ करायला लावू नको.”

डॉक्टर रोज येऊन नाडी पाहत. “गोळी मोजता येते, बकरा मोजता येत नाही,” ते म्हणत. कुठल्या गाठीत रस किती याचा भरवसा नाही. एकदा जास्त झालाच. माझं काळीज धडधडायला लागलं, हात थरथरू लागले, उकडायला लागलं, आणि मी सगळी भांडी घासून परत घासायला घेतली. शेजारणीने कौतुक केलं, “आता कशी सासूवानी कामाला लागली!” आत्याबाईंनी माझा थरथरता हात धरला आणि तशाच डॉक्टरांकडे धावल्या. “जास्त झालं. मी जलमाची तशी हाय, ही नाय.” डॉक्टरांनी दोन दिवस घास बंद केला, मग निम्म्यावर आणला. ते मला नंतर म्हणाले, तुमच्या सासूबाई शिकल्या असत्या तर मला या गावात पोटभर मिळालं नसतं.

गोष्ट लपणं शक्यच नव्हतं. देवळातले भजनाचे बुवा घरी आले. आत्याबाईंनी पाणी दिलं.

“ठमाबाई, घरात मांस शिजतं म्हणे.”

“घरात नाय, अंगनात.”

“देवाला काय सांगाल?”

“सांगनार नाय, इचारनार हाय. पोरीच्या गळ्यात चूल ठेवलीस ती इझू का दिलीस? आनि पेटवायची तर बकऱ्याचीच गाठ का लागते? वालाच्या शेंगेत घालायची व्हती ना!”

बुवा वाईट नव्हते. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले की लोक बोलतात, तोवर टाळ दुसऱ्या कुणाकडे द्यावा. आत्याबाईंनी आतून टाळ आणून त्यांच्या हातात दिला. पुढल्या एकादशीला संध्याकाळी त्या घरात नव्हत्या. मी शोधत गेले, तर देवळाच्या मागच्या भिंतीला लागून येरझाऱ्या घालत होत्या. आत भजन चाललेलं, आणि या अंधुक उजेडात रिकाम्या हातांनी ठेका धरून चालताहेत. मी पुढे झाले नाही. माझ्यामुळे या बाईची बसायची एकुलती एक जागा गेली, हे मला तेव्हा जसं लागलं तसं आजही लागतं.

लढाई संपली, गोळ्या पुन्हा मिळू लागल्या. अंगणातली चूल आत्याबाईंनी मोडली, खापर लांब नेऊन फोडलं. बुवा आनंदाने टाळ घेऊन आले. “आता औषधाची गोळी आहे, मांस नाही. माळ सुनेला परत घाला, या भजनाला.” मीही गळा पुढे केला. आत्याबाई म्हणाल्या, “गोळी म्हंजे तीच गाठ, वाळवलेली.”

“आत्याबाई, कुणाला सांगायचं कशाला?” मी म्हटलं.

“देवळात बसून खोटं?” त्या म्हणाल्या आणि बुवांचा टाळ परत केला. माझी माळ त्यांच्याच गळ्यात राहिली, आणि एकादशीच्या येरझाऱ्याही राहिल्या.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. छातीत कफ झाला होता. पडून राहणं त्यांना येतच नव्हतं. बोटं सारखी गोधडीचे धागे उपटत असत. समाचाराला येणाऱ्यांना त्या सांगत, “सून पडू बी देत नाय, सारखी औषधं पाजते.” एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाल्या, “वच्छे, मी गेले की घरात चूल पेटनार नाय. कुनी तोंडात पानी घालनार नाय, मला हलवीपर्यंत. तू गोळी घे.”

“असं काय बोलता?”

“घेनार का नाय, त्ये सांग.”

“घेईन.”

“बायका बोलतील. बोलू दे. आनि ह्या दोनी माळा माज्यासंगट जाऊ देत.”

त्या पहाटे गेल्या. घर बायकांनी भरलं. आंघोळ घालताना कुणीतरी विचारलं, दोन माळा कशा, आणि मी म्हटलं, राहू द्या. लोधिवलीहून माझी आई यायची होती, यजमानांचा भाऊ मुंबईहून यायचा होता, म्हणून सगळे थांबले होते. चूल थंड होती. माझी पोरंही पाण्याशिवाय गुमान बसली होती. मी उठले, फडताळातली बाटली आणि पेला घेतला आणि आत्याबाईंच्या उशाशी येऊन बसले.

एखाद्या दिवशी गोळी चुकली तरी काही बिघडत नाही, हे डॉक्टरांनी मला कधीच सांगितलं होतं. आत्याबाईंना मी ते सांगितलं नव्हतं. सांगून त्यांना पटलंही नसतं. बायका माझ्याकडे बघत होत्या. एकीने “अगं, मढं घरात आहे” असं म्हटलं. मी त्या सगळ्यांसमोर गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी प्यायले, आणि आत्याबाईंकडे वळून तोंड उघडून दाखवलं.